डाव्या भुवईची दुरुस्ती

स्थळं बघायला सुरुवात करायची ठरली, तेव्हा घरात पहिलं काम निघालं ते बायोडाटाच्या फोटोचं. पत्रिका तयार होती, शिक्षण-नोकरीचा मजकूर मी स्वतः टाईप केला होता, उंचीत आईने अर्धा इंच वाढवला होता. फोटो तेवढा बाकी होता. एका स्टुडिओत जाऊन साडी नेसून फोटो काढला आणि दोन दिवसांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. आईला आवडला. मावशीला आवडला. घरच्या ग्रुपवर अंगठे आणि गुलाब पडले. मला मात्र त्यात काहीतरी खटकत होतं आणि काय खटकतंय ते सांगता येत नव्हतं.

झूम करून बघितल्यावर कळलं. सातवीत असताना मी सायकलवरून पडले होते. डाव्या भुवईत तीन टाके पडले. त्या जागी पुन्हा केस उगवले नाहीत, त्यामुळे माझी डावी भुवई दोन तुकड्यांत आहे: एक लांब, एक आखूड, मध्ये पांढरट रेघ. फोटोत ती रेघ नव्हती. एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण माझ्या उजव्या भुवईच्या टोकाला एक केस हट्टाने वरच्या बाजूला वळतो. फोटोत तोच केस डाव्या भुवईच्या टोकालाही होता, त्याच वळणाचा, फक्त उलटा. फोटोग्राफरने माझी उजवी भुवई उचलली होती, उलटी केली होती आणि डावीच्या जागी चिकटवली होती. कॉपी, फ्लिप, पेस्ट. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला कॉपी-पेस्ट केलेलं लगेच ओळखू येतं; आमची निम्मी हयात त्यातच जाते.

मी फोन केला. समोरून अगदी सरळपणे उत्तर आलं, "मॅडम, असमान होत्या ना, नीट करून दिल्या. त्याचे वेगळे पैसे नाही लावले."

त्या माणसाचा मला राग आला नाही. तो त्याच्या मते माझं भलंच करत होता. पण 'नीट' हा शब्द डोक्यात राहिला. दोन भुवया एकसारख्या असणं म्हणजे नीट, हे त्याला कुणी सांगितलं? आणि मला कुणी सांगितलं? कारण खरं सांगायचं तर सातवीपासून मीही तेच मानत आले होते. हा लेख त्या 'नीट'चा शोध आहे. तो करता करता मी आमच्याच तालुक्यातल्या एका जुन्या छापखान्यापर्यंत पोचले आणि शेवटी आमच्याच गावातल्या एका समाधीपाशी परत आले.

खुर्चीवरून दिसणारा चेहरा

आमचं गाव सुदुंबरे. मावळ तालुक्यात, एका बाजूला देहू, एका बाजूला चाकणच्या कंपन्या. एनडीआरएफची पाचवी बटालियन इथे आहे, इंजिनिअरिंगला बाहेरगावाहून आलेली पोरं-पोरी भाड्याने राहतात, कंपनीच्या बस शिफ्टप्रमाणे येतात-जातात. या सगळ्या वर्दळीत घराच्या पुढच्या खोलीत चालणारं एक पार्लर आहे. चालवणाऱ्या ताईचं नाव मी लिहीत नाही, कारण तिला लेखात यायची अजिबात हौस नाही.

आमच्या घरात भुवया कोरायला परवानगी लागायची. कॉलेजात असताना वर्गातल्या निम्म्या मुली आयब्रो करून यायच्या आणि माझ्या घरी नियम होता, साखरपुडा ठरेपर्यंत नाही. आजीचं म्हणणं, भुवया कोरल्या की पोर नाटकातली दिसते. मी एकटी नव्हे. कितीतरी मैत्रिणींच्या घरी हाच नियम होता. म्हणजे भुवई ही नुसती केसांची ओळ नव्हतीच. तुमच्या चेहऱ्यावर निर्णय कुणाचा चालतो, हे त्या ओळीवरून जगाला कळायचं. पहिल्या पगाराच्या महिन्यात मी ताईच्या खुर्चीत जाऊन बसले. घरी दोन दिवस कुणी बोललं नाही.

सौंदर्यशास्त्राच्या कोर्समध्ये भुवईचं एक गणित शिकवतात. नाकपुडीच्या बाजूने सरळ वर रेघ काढा, तिथे भुवई सुरू व्हायला हवी. तिथूनच बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरकी रेघ काढा, तिथे कमान सर्वांत उंच हवी. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिसरी रेघ काढा, तिथे भुवई संपायला हवी. मला हे गणित फार आवडलं होतं, कारण ते ड्रॉइंगच्या तासासारखं होतं. ताईलाही ते येतं. पण ती त्याने सुरुवात करत नाही.

ती आधी तुम्हाला सरळ बसवते, मान टेकवू देत नाही. मग म्हणते, हस. मग म्हणते, आता नवऱ्यावर, नाहीतर बॉसवर चिडल्यासारखं कर. मग गप्प बसायला सांगते आणि बघत राहते. पहिल्यांदा मला वाटलं, गंमत करतेय. नंतर तिने आरशात दाखवलं. मी काहीही ऐकताना उजवी भुवई थोडी वर उचलते. कपाळाचा स्नायू त्या बाजूला जास्त काम करतो. "ही केसांनी वर नाही गेलेली," ती म्हणाली, "ही तुझ्या सवयीने वर गेलीय. खालून कितीही काढलं तरी तू ऐकायला लागलीस की परत वरच जाणार." मग दोऱ्याचं एक टोक दातात धरून तिने खालची कड साफ केली. थोडं इकडे, थोडं तिकडे, पुन्हा इकडे. एक भुवई पूर्ण करून मग दुसरी तिच्याबरोबर जुळवायला गेलं, की दोन्ही बारीक होत जातात, पोळी गोल करायला कडा कापत बसलं की पुरी होते तशी. आणि जुळलं नाही तरी एका जागी ती थांबते. काढायचं राहिलेलं उद्या काढता येतं. काढून टाकलेल्याची महिना-दोन महिने वाट बघावी लागते आणि वर्षानुवर्षं उपटत राहिलं, तर काही जागी केस कधीच परत येत नाहीत.

असमान भुवयांबद्दल मी पुढे जे काही वाचलं, बघितलं, त्यात या पाच मिनिटांइतकं शहाणपण क्वचित सापडलं. तिने आधी चेहरा वाचला, मग हात लावला. फोटोग्राफरने आधी हात लावला आणि वाचायचं राहूनच गेलं.

मळवलीचा छापखाना

मग एकसारख्या भुवयांचा हा हट्ट आला कुठून? माझं पहिलं उत्तर सोपं होतं: इन्स्टाग्राम. पण आमच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीची एक जुनी तसबीर आहे, पणजोबांच्या वेळची. फोटोवरून डोकं फिरलं होतं त्या आठवड्यात मी तिच्यासमोर उदबत्ती लावताना पहिल्यांदाच तिच्या भुवया बघितल्या. लांब, काळ्याभोर, पेनाने ओढल्यासारख्या. इन्स्टाग्रामच्या शंभर वर्षं आधीच्या.

अशा तसबिरी घराघरांत पोचवणारा सर्वांत नावाजलेला छापखाना म्हणजे राजा रविवर्म्याचा. तो 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि शतक संपता संपता मळवलीला हलला. आमच्या तळेगावातून लोकल पकडली, की वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली. कार्ल्या-भाज्याची लेणी बघायला जिथे लोक उतरतात, तेच स्टेशन. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. म्हणजे देवीचा चेहरा कसा असावा याची कल्पना देशभर ज्या गठ्ठ्यांतून गेली, त्यातले कितीतरी गठ्ठे आमच्या मावळातून निघाले.

छपाईची रीत समजून घेतली तर गोष्ट आणखी रंगतदार होते. ही शिळाछपाई. सपाट चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं. पाणी जिथे बसतं तिथे शाई बसत नाही, एवढ्या तत्त्वावर सगळं चालतं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्वचेचा रंग एका दगडावरून, गालाची लाली दुसऱ्यावरून, केसांचा आणि भुवयांचा गडद रंग आणखी एकावरून. कागद प्रत्येक वेळी अचूक त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला, तर भुवई डोळ्यावरून घसरते. आणि दगडावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं, म्हणून दगडावर डावीचं उजवं करून काढावं लागतं. डावी-उजवीची ही अदलाबदल लक्षात ठेवा, पुढे मोबाईलमध्ये ती परत येणार आहे.

आता चित्रांकडे. रविवर्म्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे आणि मी ते करायलाच बसले होते. पण त्याची चित्रं नीट बघितली, तर तो आरोप टिकत नाही. पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणारी त्याची शकुंतला घ्या. चेहरा वळला, की एक भुवई आपल्याला पूर्ण दिसते, दुसरी आखडून जाते. युरोपीय पद्धतीने तैलचित्र शिकलेल्या माणसाला हे टाळता येत नाही आणि त्याला ते टाळायचंही नव्हतं. मान कलली, नजर गेली, की दोन भुवया दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. शकुंतलेच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कळतं, त्यात काट्याचं बहाण्यापुरतं काम आहे; बाकीचं काम मान, नजर आणि भुवया करतात.

बिघडलं ते नंतर. मूळ तैलचित्रावरून दगडावर, दगडावरून कागदावर, त्या कागदावरून दुसऱ्याच कुठल्या छापखान्याच्या कॅलेंडरवर, कॅलेंडरवरून उदबत्तीच्या पुड्यावर. प्रत्येक नकलेत चेहरा थोडा अधिक समोर वळला, सावली थोडी कमी झाली, आणि भुवईचे केस जाऊन तिथे रेघ आली. नक्कल करणाऱ्याला रेघ सोपी पडते. दोन वेगळ्या रेघांपेक्षा एकच रेघ दोनदा काढणं आणखी सोपं. देवीच्या भुवया एकसारख्या झाल्या, त्यात तिच्या सौंदर्याविषयीच्या विचारापेक्षा कारागिराच्या सोयीचा वाटा मोठा आहे, असं माझं मत झालं आहे. आमच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी अशी कितवी नक्कल असेल कोण जाणे. पण तीन पिढ्या तिच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि 'नीट' चेहरा म्हणजे काय ते शिकल्या.

एकाच भुवयांचे राम आणि सीता

याच छापखान्यासाठी काम केलेला एक माणूस पुढे मोठा झाला: दादासाहेब फाळके. रविवर्म्याच्या प्रेसची कामं केल्यावर त्यांनी स्वतःचा छापखाना लोणावळ्यात काढला होता. नंतर ते सिनेमाकडे वळले. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके यांनी केलं, कारण बायका काम करायला तयार नव्हत्या. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचंही काम केलं. एकच कपाळ, त्याच दोन भुवया. कधी पुरुषोत्तम, कधी पतिव्रता. ज्यांना भुवईच्या आकारावरून बाईपण-पुरुषपण ठरतं असं वाटतं, त्यांनी हे आठवून बघावं. आकार तोच होता. तो हलवायची रीत बदलली, की पात्र बदलत होतं.

छपाईची परंपरा दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर पुढे चालली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या बायका आमच्या आज्यांनी जपून ठेवल्या आहेत. कपाटातले ते अंक काढून बघताना दोघांची ताकद कळते, आणि विशेषतः मुळगावकरांच्या चेहऱ्यांत एक अडचणही. त्वचा इतकी गुळगुळीत, भुवईची कमान इतकी सफाईदार, की देवी, राणी आणि शेतावर निघालेली बाई एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. साडी बदलते, चेहरा बदलत नाही.

म्हणूनच 'जैत रे जैत' (1977) आणि 'उंबरठा' (1982) आज मोबाईलवर बघताना स्मिता पाटीलचा चेहरा धक्का देतो. तिच्या भुवया दाट आहेत आणि कुणी त्यांच्यावर फार मेहनत घेतल्यासारखं वाटत नाही. 'उंबरठा'त सुलभा महाजन समोरच्याचं ऐकून घेते तेव्हा कॅमेरा तिच्या कपाळावर विसंबून राहू शकतो. तिला पटलेलं नाही हे संवादाच्या आधी आपल्याला कळलेलं असतं. हीच भूमिका रेघेसारख्या भुवयांनी केली असती, तर जब्बार पटेलांना दोन संवाद वाढवावे लागले असते.

आणि काजोल. शोभना समर्थांची नात, तनुजाची मुलगी. घरात सिनेमा पिढ्यानपिढ्यांचा, म्हणजे भुवया कशा असाव्यात हे सांगणाऱ्यांची कमी नसणार. तरी 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'पासून पुढे तिच्या जवळजवळ जुळलेल्या भुवया तशाच राहिल्या आणि तीच तिची ओळख झाली. मेक्सिकोच्या फ्रिडा काहलोने स्वतःची चित्रं काढताना भुवयांमधली लव ठळक केली, हे आता टी-शर्टवरूनही सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या शाळेत जुळलेल्या भुवयांच्या मुलीला धीर द्यायला फ्रिडा नव्हती, काजोल होती.

स्थिर भुवई आणि हलती भुवई

जुन्या ग्रंथांनी भुवईला आकार दिले, हे खरं. धनुष्यासारखी, कडुनिंबाच्या पानासारखी. अवनींद्रनाथ टागोरांनी 1914 मध्ये भारतीय चित्रांच्या शरीररचनेवर लिहिताना हीच दोन मापं सांगितली. पण नाट्यशास्त्र काढून बघा. तिथे भुवयांची सात कर्मं आहेत: उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित, सहज. सहज सोडलं, तर सगळी हालचालीची नावं. यातलं रेचित म्हणजे एकच भुवई डौलात वर नेणं. म्हणजे दोन भुवयांचं न जुळणं ही तिथे चूक मानलेली नाही. ती नटाने कमवायची कला आहे. लावणीच्या फडावर किंवा कथकच्या बैठकीत ज्याने एका भुवईला मिळालेली दाद ऐकली आहे, त्याला हे ग्रंथातून कळायची गरज नाही.

कालिदासाने 'मेघदूता'त गावाकडच्या बायकांचा उल्लेख केला आहे. ढगाकडे आशेने बघणाऱ्या, ज्यांना भुवयांचे विभ्रम माहीत नाहीत अशा. टीकाकार ही ओळ साधेपणाचं कौतुक म्हणून वाचतात. मला ती वाचताना ताईच्या पार्लरमध्ये रविवारी लागणारी रांग आठवते आणि थोडं हसू येतं. पाऊस येणार की नाही हे बघताना भुवया आक्रसतात, कपाळावर हात जातो. शेतावरच्या बाईची भुवई दिवसभर बोलत असते. फक्त ती नगरातल्या रसिकासाठी बोलत नाही, म्हणून त्याला ती अजाण वाटते.

मराठी वर्तमानपत्रांत हल्ली रोज कुणाच्या ना कुणाच्या 'भुवया उंचावतात', आणि नेहमी दोन्ही एकदम. आमच्या घरी असं होत नाही. आईला शंका आली, की तिची डावी वर जाते. बाबांच्या दोन्ही खाली येतात आणि मध्ये आठी पडते. आजीच्या तर केस विरळ होऊन भुवया जवळजवळ गेल्याच आहेत, तरी ती कुठल्या नातवावर चिडली आहे हे लांबून ओळखू येतं.

अडुसष्ट बिंदू

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपने चेहरा ओळखून हजेरी लावणारं सॉफ्टवेअर केलं होतं. तुमच्यापैकी अनेकांनी हाच प्रोजेक्ट केला असेल. त्यात चेहऱ्यावर बिंदू टाकणारं एक तयार मॉडेल वापरतात. त्याच्या 68 बिंदूंच्या आराखड्यात प्रत्येक डोळ्याला सहा आणि प्रत्येक भुवईला पाच बिंदू असतात. माझा चेहरा समोर आला, की डाव्या भुवईवरचे बिंदू थरथरायचे. पाच बिंदू एका अखंड रेघेवर बसायला शिकलेले; मध्ये फट आली की पुढचा तुकडा भुवईचा आहे की नाही, याचा त्याला निर्णय होत नसे. आम्ही त्यावर उपाय म्हणून माझा फोटो डेटातून काढून टाकला. सादरीकरण चांगलं झालं, मार्कही चांगले पडले. बायोडाटाच्या फोटोवर चिडताना मला हे आठवलं आणि मी जरा वरमले. फोटोग्राफरने निदान मला फोटोत ठेवलं होतं.

गंमत अशी, की चेहरा ओळखण्याच्या बाबतीत भुवया डोळ्यांइतक्याच, किंबहुना जास्त कामाच्या आहेत. पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रसिद्ध लोकांच्या फोटोंतून एकदा डोळे पुसले, एकदा भुवया. भुवया पुसल्यावर लोकांना ते चेहरे ओळखायला जास्त जड गेलं. माझी भुवई उलटी करून चिकटवली तेव्हा मला फोटोत 'काहीतरी' खटकत होतं, ते हेच असावं. ती मी वाटत नव्हते.

पण सगळाच दोष दुरुस्तीला देता येणार नाही. बऱ्याच जणींना भुवया असमान असल्याचा साक्षात्कार एका विशिष्ट क्षणी होतो: दुसऱ्याने काढलेला फोटो बघताना. आरशात आपण जन्मभर स्वतःचा उलटा चेहरा बघतो. सेल्फी घेताना स्क्रीनवरही उलटाच दिसतो. दुसऱ्याने काढलेल्या फोटोत तो सुलटा येतो. सवयीची उंच भुवई अचानक पलीकडे जाते, आणि वाटतं, बाप रे, मी अशी दिसते? 1977 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काही जणींना त्यांचे सुलटे आणि उलटे फोटो दाखवले. त्यांनी स्वतःचा आरशातला चेहरा जास्त पसंत केला. त्यांच्या जवळच्या माणसांनी सुलटा. दोघांनाही आवडला तो ओळखीचा चेहरा. मळवलीच्या कारागिराला दगडावर उलटं काढताना हे भान ठेवावंच लागत होतं. आपण ते विसरतो आणि थेट दोरा, चिमटा नाहीतर अ‍ॅप हातात घेतो. म्हणून माझा एक साधा सल्ला: सेल्फी बघून लगेच पार्लर गाठू नका. तोच फोटो उलटा करून बघा. निम्मी असमानता तिथेच विरघळेल.

दुरुस्तीच्या बाजूने

हा लेख मैत्रिणीला वाचायला दिला, तर ती म्हणाली, "सोपं आहे गं तुला. तुझी एक रेघ गेलीय. ज्यांच्या पूर्ण गेल्यात त्यांना हे ऐकव." तिच्या आईच्या भुवया केमोथेरपीत गेल्या होत्या. ताईनेच त्यांना पेन्सिलने केसाकेसाने भुवया काढायला शिकवलं. त्या पुन्हा भाजी आणायला बाहेर पडायला लागल्या. चाईमुळे, भाजल्यामुळे, चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा आल्यामुळे भुवया बदलतात. शेवटच्या कारणासाठी तर आधी डॉक्टरकडेच धावायला हवं, पार्लरला नव्हे. अशा वेळी पेन्सिल ही खोटी नसते.

आणि मीही काही कोरायचं थांबवलेलं नाही. दर महिन्याला ताईच्या खुर्चीत डोळे मिटून, एका हाताने पापणी आणि दुसऱ्याने कपाळ ताणून धरून बसतेच. डोळ्यांतून पाणी येतं, शिंका येतात, मग ती कोरफड लावते. मला ते आवडतं. म्हणजे माझी तक्रार दुरुस्तीबद्दल नाही. न विचारता केलेल्या आणि न वाचता केलेल्या दुरुस्तीबद्दल आहे. ज्या आजीने मला कोरू दिलं नाही तिने आणि ज्या फोटोग्राफरने माझी भुवई बदलली त्याने, दोघांनीही माझ्या कपाळावरचा निर्णय माझ्याशिवाय घेतला.

संताजींची वही

सुदुंबऱ्याला बाहेरचे लोक येतात ते संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीला. जातीने तेली, तुकोबांचे टाळकरी आणि त्यांचे अभंग उतरवून घेणारे. साधारण 1919–20 मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' छापला. त्या लेखनातले ऱ्हस्व-दीर्घ आजच्या शाळेत नेले तर पानभर लाल शाई होईल. सतराव्या शतकात मावळात माणूस जसं बोलत-लिहीत होता तसं ते आहे. शुद्धलेखनाने नीट केलेले गाथेचे पाठ आपल्याकडे आहेत, वाचायला सोपे आहेत, आणि मीही तेच वाचते. पण त्या नीट पाठांवर शंका आली, की अभ्यासकांना वहीकडेच परत यावं लागतं. वहीतली वेडीवाकडी अक्षरं कुणी 'सेवा म्हणून' पुसून टाकली असती, तर ती वाट बंद झाली असती.

समाधीच्या दर्शनाला लहानपणापासून जाते, पण या गोष्टीचा माझ्या भुवईशी संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं. संताजींनी जे ऐकलं ते लिहिलं. इतकंच. मला वाटतं, फोटो काढणाऱ्याचं, दोरा फिरवणारीचं आणि आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांचंही पहिलं काम तेवढंच आहे. जे आहे ते नीट उतरवून घ्यावं. मग बदलायचं तर विचारून बदलावं, आणि मूळ प्रत जपून ठेवावी.

मी स्टुडिओत जाऊन मूळ फाईल मागून आणली. फोटोग्राफरला जरा वाईट वाटलं, पण दिली. आई म्हणाली, "लोक विचारतील, काय लागलं म्हणून." मी म्हटलं, विचारू दे, सायकलची गोष्ट सांगता येईल. बराच वाद झाला. शेवटी तोडगा निघाला: बायोडाटात दोन्ही फोटो जातात, आधी माझा आणि मग त्यांचा. कुठला फोटो बघून कोण होकार देतं ते बघायचं आहे.

परवा ताईकडे गेले होते. काम झाल्यावर तिने पेन्सिल उचलली, मधल्या फटीकडे बघितलं आणि विचारलं, "भरू का?"

"आज नको," मी म्हटलं.

तिने पेन्सिल परत पेल्यात ठेवली.